वाचा गेली, गाणे राहिले

आजच्या लेखाची सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो. चूक तशी किरकोळ वाटेल. तिने कोणाच्या जिवाला धोका झाला नाही. पण तिच्यामुळे एका घरात महिनाभर शांतता पसरली, आणि त्या शांततेने रोग्याचे काहीच भले झाले नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आगाशीच्या एका वाडीतले सत्तरीचे गृहस्थ पक्षाघाताच्या झटक्यानंतर इस्पितळातून घरी आले होते. पुढची देखभाल माझ्याकडे होती. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आपण त्यांना काका म्हणू. पस्तीस वर्षे विरार लोकलने चर्चगेटला जाऊन कारकुनी केलेला हा माणूस निवृत्तीनंतर घरामागच्या केळीत आणि फुलझाडांत रमला होता. मेंदूच्या डाव्या भागाला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद झाली. उजवा हात आणि पाय लुळा पडला आणि वाचा गेली. समोरच्याचे बोलणे बरेचसे कळत होते, पण स्वतःचा म्हणून एकच शब्द उरला होता : 'हो'. पाणी हवे असले तरी 'हो' आणि नको असले तरी 'हो'. आपले म्हणणे कोणाला कळत नाही असे झाले, की ते डाव्या हाताने उशी भिरकावत.

काकांच्या उशाशी एक जुना ट्रान्झिस्टर होता. दुपारभर त्यावर जुनी सिनेमाची गाणी चालू असत. पहिल्याच भेटीत मी काकूंना म्हणालो, "काकू, यांना आराम हवा. माणसांची वर्दळ कमी करा आणि हा रेडिओ काही दिवस बंदच ठेवा." काकूंनी डॉक्टरांचा शब्द मानला. रेडिओ कपाटात गेला. घरातली माणसे हळू आवाजात बोलू लागली आणि काका छताकडे पाहत पडून राहू लागले. जेवण कमी झाले. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलाला ते हात लावू देईनात.

महिन्याभराने नात सुट्टीला आली. तिला माझी सूचना ठाऊक नव्हती. आजोबांच्या शेजारी बसून तिने मोबाइलवर 'दो आँखे बारह हाथ' या चित्रपटातली प्रार्थना लावली. १९५७ सालचा हा व्ही. शांताराम यांचा चित्रपट औंध संस्थानातल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावर बेतलेला होता. त्याचे संगीत आपल्या वसंत देसायांचे. पडद्यावर कैद्यांनी म्हटलेली ती प्रार्थना पुढे देशभरातल्या शाळांत म्हटली जाऊ लागली. काकांच्या शाळेतही ती रोज म्हणत असत.

दुसऱ्या ओळीला काका गाऊ लागले. नुसते गुणगुणणे नव्हे, शब्दांसकट. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि दारातच मटकन खाली बसल्या. थोड्या वेळाने मला फोन आला, "डॉक्टर, हे बोलायला लागले!"

मी संध्याकाळी गेलो. काका बोलत नव्हते. नाव विचारले तर 'हो', गाव विचारले तर 'हो'. पण नातीने पुन्हा प्रार्थना लावली आणि त्यांच्या तोंडून जवळजवळ प्रत्येक शब्द बाहेर पडला. गाणे संपले. आम्ही सगळेच गप्प होतो. मग काकूंनी उठून कपाटातला ट्रान्झिस्टर काढला आणि माझ्याकडे नुसते पाहिले. त्या एका शब्दानेही मला बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

बोलण्याची वाट वेगळी, गाण्याची वेगळी

काकांच्या बाबतीत जे घडले तो चमत्कार नव्हता. बहुतेक माणसांत बोलण्याची मुख्य केंद्रे मेंदूच्या डाव्या भागात असतात. तिथे इजा झाली की 'वाचाघात' होतो. जीभ आणि घसा धड असतो, पण मनातला शब्द ओठावर येत नाही. गाणे मात्र मेंदूच्या एकाच कोपऱ्यात राहत नाही. सूर ओळखणे, ताल धरणे, पाठ असलेले गाणे पुढे नेणे, त्याच्याशी जोडलेली आठवण आणि भावना, ही कामे डाव्या व उजव्या अशा दोन्ही भागांत वाटलेली असतात. त्यामुळे डावी बाजू दुखावली तरी वर्षानुवर्षे घोटलेले गाणे शब्दांना आपल्याबरोबर ओढून बाहेर आणू शकते.

याच निरीक्षणावर १९७३ साली अमेरिकेत बॉस्टन येथे अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म या तज्ज्ञांनी एक उपचारपद्धती मांडली. त्यात रोजच्या उपयोगाची छोटी वाक्ये साध्या चालीत म्हणायला शिकवतात आणि त्याच वेळी रोग्याच्या डाव्या हाताने ताल धरवतात. पुढे चाल हळूहळू कमी करून वाक्य बोलण्याकडे आणायचे. ही पद्धत सगळ्यांना लागू पडत नाही. ज्यांना ऐकलेले समजते पण बोलता येत नाही अशांना तिचा उपयोग होण्याचा संभव अधिक. म्हणून गाणे म्हणता आले म्हणजे वाचा परत आली असे समजून हुरळून जाऊ नये, आणि वाचा उपचारतज्ज्ञाकडे जाणेही टाळू नये.

दुसरा एक प्रयोग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. फिनलंडमध्ये हेलसिंकी येथे पक्षाघाताच्या ६० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाने दोन महिने रोज आपल्या आवडीची गाणी ऐकली, दुसऱ्याने ध्वनिमुद्रित पुस्तके ऐकली आणि तिसऱ्याला यातले काहीच दिले नाही. नेहमीचे उपचार तिन्ही गटांना सारखेच होते. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गाणी ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता इतरांपेक्षा चांगली सुधारली, आणि काहीच न ऐकणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात उदासीनता कमी होती. यातली 'आवडीची' ही अट वाचकांनी ध्यानात घ्यावी. डॉक्टरांच्या किंवा सुनेच्या आवडीची गाणी नव्हेत, रोग्याच्या आवडीची. आणि मी नेमकी तीच बंद करून आलो होतो.

शहारा का येतो?

एखाद्या गाण्याच्या विशिष्ट जागी अंगावर काटा येतो, घसा दाटतो, डोळे भरतात. "सिनेमाचे गाणे ऐकून काय रडायचे?" असे म्हणून आपण ते लपवतो. पण शरीराच्या दृष्टीने ती खरीखुरी घटना आहे. कॅनडातल्या मॉन्ट्रियल येथील संशोधकांनी २०११ साली दाखवले, की आवडीचे संगीत ऐकताना मेंदूत डोपामाइन हे रसायन पाझरते. भूक लागली असता चविष्ट अन्न मिळाले की जो आनंद होतो, त्यातही याच रसायनाचा हात असतो. विशेष म्हणजे ते दोन टप्प्यांत येते. एकदा ती आवडती जागा येण्याची वाट पाहताना, आणि एकदा ती जागा प्रत्यक्ष आली असता.

हे वाचल्यावर मला आपल्या चित्रपटगीतांची रचना आठवली. आधी वाद्यांचा तुकडा, मग धृपद, मग पुन्हा वाद्ये, मग अंतरा, आणि अंतऱ्याच्या शेवटी धृपदाकडे वळण. ऐकणाऱ्याला पुढे काय येणार ते ठाऊक असते आणि तरी तो त्याची वाट पाहतो. आपल्या जुन्या संगीतकारांनी डोपामाइनचे नाव ऐकले नसेल, पण वाट कशी पाहायला लावायची हे त्यांना पक्के माहीत होते.

संगीताची लय श्वासावर आणि नाडीवरही काम करते. इटलीतल्या पाविया येथे २४ जणांना वेगवेगळ्या प्रकारचे संगीत ऐकवले गेले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जलद लयीने श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढला. मध्येच संगीत थांबवून दोन मिनिटे शांतता ठेवली, तेव्हा मात्र या तिन्ही गोष्टी सुरुवातीपेक्षाही खाली आल्या. म्हणजे शांततेलाही गुण आहे, पण तो गाण्यानंतरच्या शांततेला. महिनाभराच्या सक्तीच्या शांततेला नव्हे.

आणि एक गंमत. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यावा लागतो. घाईत हा वेग चुकतो. म्हणून परदेशात प्रशिक्षण देताना १९७७ च्या 'सॅटर्डे नाइट फीव्हर' या चित्रपटातले बी जीज या गटाचे प्रसिद्ध गाणे मनात म्हणायला सांगतात, कारण त्याची लय मिनिटाला सुमारे १०३ ठोक्यांची आहे. सिनेमाच्या गाण्याने असेही काम करावे!

जे दिसत नाही ते ऐकू येते

चित्रपटसंगीत म्हणजे फक्त गाणी नव्हेत. प्रसंगामागे वाजणारे पार्श्वसंगीत आपण ऐकतो, पण ऐकल्याचे आपल्याला कळत नाही. १९५५ च्या 'पथेर पांचाली'त मुलगी गेल्याचे वडिलांना कळते तो प्रसंग आठवा. आई हंबरडा फोडते, पण तिचा आवाज ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई वाजते. संगीत रविशंकर यांचे. प्रत्यक्ष रडणे ऐकून आपण कदाचित अवघडलो असतो. त्या वाद्याने प्रत्येकाला आपापले दुःख आठवण्याची मोकळीक दिली.

'शोले' (१९७५) तर सगळ्यांनी पाहिलेला. हवेलीत विधवा सून एकेक दिवा मालवते आहे आणि समोरच्या ओसरीवर जय माउथ ऑर्गन वाजवतो आहे. दोघे एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत, तरी सारे समजते. तो माउथ ऑर्गन वाजवणारे खरे हात भानू गुप्ता यांचे होते आणि संगीत राहुलदेव बर्मन यांचे.

आपल्या मराठीतले उदाहरण 'सैराट'चे (२०१६). अजय-अतुल यांनी त्यासाठी अमेरिकेत लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी वाद्यवृंदाकडून संगीत वाजवून घेतले. चित्रपटभर ते संगीत प्रेक्षकाला नाचवते, झुलवते. आणि शेवटच्या प्रसंगात काहीच नाही, पडद्यावरचे रडणेही ऐकू येत नाही. थिएटरमधून बाहेर पडणारी माणसे गप्प होती ती त्या शांततेमुळे. संगीत किती खोल शिरले होते, हे ते काढून घेतल्यावर कळले.

ज्या गोष्टीला शब्द सापडत नाहीत तिला वाट करून देणे, हे काम संगीत करते. काकांच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे झाले.

पडद्यामागचे हात

इतके देणाऱ्या या कलेला आपण मान किती देतो? शास्त्रीय संगीताला आपण नमस्कार करतो, नाट्यसंगीताला दाद देतो, आणि सिनेमाच्या गाण्याला मात्र 'टाइमपास' म्हणतो. मीही त्याच घरात वाढलो. अभ्यासाच्या वेळी रेडिओ लागला की वडिलांचा आवाज चढायचा. काकांचा ट्रान्झिस्टर बंद करताना माझ्या डोक्यात वैद्यकशास्त्र किती होते आणि ती जुनी अढी किती होती, हे आज मला सांगता येणार नाही.

या गाण्यांमागे किती विद्या आहे ते पाहा. गोव्यातल्या मजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस चर्चच्या संगीतात वाढले, मुंबईत आले आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले, वाद्यमेळ बांधू लागले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे शिकले. पुढे १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त नायकाच्या तोंडी जे नाव आले, ते शिष्याने गुरूला केलेले वंदन होते. ते नाव देशभर गाजले, पण हा कोणी खरा माणूस आहे हे फार थोड्यांना माहीत होते. २०१२ साली ते गेले. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या कितीतरी गाण्यांचा वाद्यमेळ बांधला. अशा वादकांची नावे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत क्वचितच येत. वसईच्या ख्रिस्ती वाड्यांत चर्चमधले गायन आणि लग्नातला बँड ऐकत मोठ्या झालेल्या वाचकांना या मंडळींची जातकुळी वेगळी सांगायला नको.

आपल्या विरारचाही एक धागा आहे. अभिनेता गोविंदाची आई निर्मलादेवी येथे राहत असत. पतियाळा घराण्याच्या या ठुमरी गायिका १९९६ साली गेल्या. हृषीकेश मुखर्जी यांच्या 'बावर्ची' (१९७२) चित्रपटात मदनमोहन यांनी बांधलेले भल्या पहाटेचे एक गाणे आहे. मन्ना डे, किशोरकुमार, लक्ष्मी शंकर, हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याबरोबर निर्मलादेवींचा आवाज त्यात आहे. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे घर त्या गाण्यात एकत्र येते. पुन्हा ऐकाल तेव्हा हा विरारचा आवाज त्यात शोधा.

एकत्र गाण्याचा गुण तर आपल्या लोकलमध्ये रोज दिसतो. सकाळच्या गाडीत भजनी मंडळ टाळ घेऊन बसते आणि कित्येकदा अभंगाची चाल सिनेमातल्या गाण्याची असते. उभ्याने तासाहून अधिक प्रवास करणारी माणसे त्या डब्यात का शिरतात, हे मला काकांनी शिकवले. तेही एके काळी अशाच एका मंडळात होते.

घरात काय करावे?

१) घरात पक्षाघाताचा, स्मृतिभ्रंशाचा किंवा बराच काळ अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल, तर त्याच्या तरुणपणीच्या गाण्यांची यादी करा. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत टिकाऊ असतात. कोणता सिनेमा कोणाबरोबर पाहिला, हे विचारत बसा. तो संवादही उपचारच आहे.

२) दिवसातून अर्धा-एक तास पुरे. त्या वेळी टीव्ही बंद, बोलणे कमी. गाणे झाल्यावर थोडी शांतता ठेवा. रुग्ण कंटाळला किंवा अस्वस्थ झाला तर लगेच थांबवा.

३) नुसते ऐकवू नका, बरोबर म्हणा. सूर लागला नाही तरी चालेल.

४) दुःखात दुःखी गाणे ऐकावेसे वाटते, त्यात गैर काही नाही. मन हलके होते. पण तेच तेच ऐकून माणूस अधिकच खचत असेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कामातले लक्ष उडाले असेल, तर डॉक्टरांना भेटा.

५) आवाज बेताचा ठेवा. हळदीच्या रात्री डीजेपुढे नाचून दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजते ती धोक्याची सूचना असते. कानाच्या आतल्या नाजूक पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला कायद्याने मनाई आहे, तीही पाळावी. शेजारी एखादे काका झोपलेले असतील.

६) कानात इयरफोन घालून रूळ ओलांडू नका. खरे म्हणजे रूळ ओलांडूच नका. गाडीचा भोंगा ऐकू न आल्याने गेलेली तरुण मुले आपल्या भागाला नवीन नाहीत.

७) गाणे हे औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नव्हे. रक्तदाबाची गोळी चुकवू नका. अचानक तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना किंवा बोबडी वळली, तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते.

काकांचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतीलच. वाचा पूर्ण परत आली नाही. वाचा उपचारतज्ज्ञांकडे वर्षभर जाणे झाले. वीस-पंचवीस शब्द आणि काही छोटी वाक्ये आली, तीही चालीवर. उशी फेकणे मात्र थांबले, आणि डाव्या हाताने काठी धरून ते अंगणापर्यंत जाऊ लागले.

मध्यंतरी दुपारी त्यांच्याकडे गेलो होतो. ट्रान्झिस्टर चालू होता. काकांनी मला पाहिले, स्वयंपाकघराकडे तोंड वळवले आणि सुरात म्हणाले, "अगं, चहा!" आतून काकूंचे उत्तर आले, तेही त्याच सुरात, "आणते!"

बाहेर येऊन काकू मला म्हणाल्या, "ते सुरात बोलतात, म्हणून आता मीही सुरात बोलते. शेजारचे हसतात, पण आमचा संसार पुन्हा बोलता झाला, डॉक्टर."

आता पक्षाघाताच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर गोळ्यांची नावे लिहून झाली, की खाली मी एक ओळ लिहितो : 'आवडीची गाणी, रोज अर्धा तास.' औषधाच्या दुकानदाराने एकदा विचारले, "डॉक्टर, हे कुठे मिळेल?" मी म्हटले, "बहुतेक घरात असतेच. कपाटात ठेवलेले असते."